फातिमाबाई होत्याच, पण

2025च्या जानेवारीत एका पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. समाजमाध्यमांवर धुरळा उडाला. एका बाजूने शिव्या, दुसऱ्या बाजूने "बघा, आम्ही म्हणत होतो ना!"

फातिमाबाई होत्या. सावित्रीबाई आजारी होऊन नायगावला माहेरी गेल्या होत्या, तेव्हा 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला आशय. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात हे पत्र 1988 सालीच छापून आले. म्हणजे आजच्या कुणी ते नाव रचण्याचा प्रश्नच येत नाही.

पण त्या एका ओळीवर आपणच मजले चढवले. 9 जानेवारी ही जन्मतारीख घ्या. 2022 साली गुगलनेही त्या दिवशी चित्र लावले. या तारखेमागे त्या काळचा कागद कुणी दाखवत नाही. पाया बरा होता, मजले कच्चे होते. म्हणून सगळी इमारतच खोटी म्हणणे सोपे गेले.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 साली छापले गेले. तरी स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा समोर आणेपर्यंत जवळजवळ विसरलेलेच होते. छापील पुस्तकाची ही गत, मग न छापलेल्या बायांचे काय? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले. स्त्रियांचा इतिहास हा विषय विद्यापीठात आला खरा, पण तो असा पायी फिरून उभा राहिला आहे.

आमच्या कोकणी मुसलमान बायांसाठी असे कोण फिरले? 18 एप्रिल 1966चा मुंबईतला तलाकविरोधी मोर्चा ‘हमीद दलवाईंचा’ म्हणून ठाऊक आहे. त्यात चालल्या त्या सात बायका. त्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

मालवण किनाऱ्यावर कागद अगदीच नाहीत असे नाही. निकाहाच्या नोंदीत वधूचे नाव असते, मेहरची रक्कम असते. पुरुष जहाजावर, पुढे आखातात गेले. घरी उर्दूत पत्रे आली. उर्दू वाचणारी नातवंडे दरवर्षी कमी होताहेत, आणि आमच्या दमट हवेत ट्रंकेतला कागद फार दिवस टिकत नाही.