वाफेचा हत्ती आणि बिठूरचा खलनायक

देवळात रावणाचे आख्यान लागले म्हणजे कीर्तनकार बुवा रावणासही बोलू देतात. त्याची तपश्चर्या, त्याचा अभिमान, त्याला झालेला अपमान हे सारे श्रोत्यांच्या कानी पडते आणि मगच त्याचा वध होतो. त्याचे म्हणणे ऐकले म्हणून सीताहरणाचे समर्थन कोणी करीत नाही. हीच रीत एका निराळ्या खलनायकास लावून पाहावी, असे आम्हांस वाटते. कारण तो आपल्याच माणसावरून घडविलेला आहे.

विज्ञानकथांचा आद्य लेखक म्हणून ज्यास मान मिळतो, त्या ज्यूल व्हर्नची 'वाफेचे घर' या अर्थाच्या नावाची फ्रेंच कादंबरी १८८० साली प्रसिद्ध झाली. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता. कथेत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांची दोन घरे ओढीत कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतो. हे यंत्र मुळात भूतानच्या राजासाठी बनविलेले. राजा वारला आणि ते इंग्रज मंडळींच्या हाती आले. या कथेतला खलनायक म्हणजे नानासाहेब पेशवे! फकिराच्या वेषात १८६७ साली तो औरंगाबादेत अवतरतो. तेथे त्याच्या शिरावरील इनामाचा जाहीरनामा भिंतीवर लागलेला असतो.

याच लेखकाने पाच वर्षांपूर्वी पाणबुडीचा स्वामी कप्तान नेमो हा १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र असल्याचे सांगितले होते आणि त्याला वाचकांची सहानुभूती मिळवून दिली होती. उठाव एकच, पण ज्याच्या हाती यंत्र आले तो थोर ठरला आणि ज्याच्यापाशी केवळ गाऱ्हाणे होते तो खल ठरला.

ते गाऱ्हाणे आपल्या भागास परके नाही. दुसरे बाजीराव १८५१ साली बिठूरास वारले आणि त्यांचे आठ लक्षांचे वार्षिक वेतन दत्तक पुत्र नानासाहेबांस नाकारण्यात आले. त्यांनी आधी तलवार उपसली नाही. अर्ज केले, अझीमुल्ला खानास वकील म्हणून लंडनला धाडले. त्याआधी १८२४ साली कित्तूरच्या राणी चेन्नम्मांचा दत्तक कंपनीने असाच अमान्य केला होता. बाजीरावांचे सरदार निपाणीकर आप्पा देसाई यांच्या पश्चात त्यांची जहागीरही खालसा झाली. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांस दत्तकाची परवानगी मिळाली नाही. १८५८ च्या मे महिन्यात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि १२ जून रोजी बेळगावात बाबासाहेबांस फाशी देण्यात आले. होमहवनाने झालेला पुत्र सरकारी कागदावर पुत्र नाही, हे दुःख या चारही घरांचे होते.

आता कादंबरीतल्या त्या फकिरास आज निपाणीहून बेळगावकडे येणाऱ्या महामार्गावर उभे करू. तंबाखूची वखार पाहून तो थबकणार नाही. हत्तरगीस विमानांचे भाग घडतात असे कळताच मात्र तो विचारील, "हा हत्ती कोणाचा?" आपलीच मुले तो घडवितात हे ऐकून त्याचा क्षणभर विश्वास बसणार नाही. टोलनाक्यावरचे कॅमेरे पाहून तो हसेल. त्याच्या काळी जाहीरनामा एकट्या त्याच्यासाठी होता, आता प्रत्येक वाटसरूची नोंद होते. १९५६ च्या कायद्याने दत्तकास औरस अपत्याचे सारे हक्क मिळाले आणि मुलगीही दत्तक घेता येते, हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प राहील. मग दुकानांच्या पाट्यांवरील लिपी न्याहाळून तो पुसेल, "येथेही काही अर्ज पडून आहेत काय?" सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे, असे आम्हांस सांगावे लागेल. "मीही लंडनला वकील धाडला होता," एवढेच तो म्हणेल.

या वाक्यापाशी आम्हीही थांबतो. उत्तर न मिळालेल्या अर्जातून खलनायक कसा निपजतो, हे तो आपणांस दाखवितो, आणि राज्यकर्त्यांनी ते ध्यानी धरावे. परंतु बुवांची रीत येथे सोडून चालणार नाही. १५ जुलै १८५७ रोजी कानपुरात बीबीघरात सुमारे दोनशे स्त्रिया व मुले कापली गेली. आज्ञा कोणाची यावर इतिहासकारांचे मतभेद आहेत. पण ती माणसे नानासाहेबांच्या पक्षाच्या कैदेत होती. इंग्रजांनी त्याचा सूड गावेच्या गावे जाळून आणि निरपराधांस फासावर चढवून घेतला. तोही तितकाच निंद्य होय.

म्हणून त्या फकिराचे गाऱ्हाणे आपण पूर्ण ऐकावे आणि त्याच्या वाटेने जाऊ नये. निपाणी-बेळगावच्या देवळांतून एकाच रांगेत उभे राहून मराठी आणि कानडी भाविक प्रसाद घेतात. वाद न्यायालयात चालू असतानाही ही रांग मोडली नाही, हे त्या फकिरास आपण आवर्जून दाखविले पाहिजे.