लोणारचा खार आणि धुराचा हिशेब

लोणारच्या सरोवराचा खार पूर्वापार नावाजलेला. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडच्या वर्णनात काचेला आणि साबणाला लागणारा माल इथल्या डोंगरांत मिळतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार धरायचा. पाणी मागे हटणं हाच खारवाल्याचा हंगाम. पुढच्या पावसासाठी लोणारचा बुलढाणा जिल्हा भेंडवळच्या घटमांडणीतल्या भाकिताकडे कान लावतो, पण पडून गेलेल्या पावसाची वही या सरोवराच्या तळाशी आहे. संशोधक सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गाळाचा सुमारे १० मीटरचा नमुना वाचून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात दोन ठिकाणी गेलुसाइटचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचा हा क्षार पाणी फार आटून खारट झाल्यावरच चिखलात धरतो. ते दोन काळ साधारण ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

हवेतल्या धूळ-धुराच्या कणांचा हवामानावरचा परिणाम मोजताना ही वही उघडलीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ढगातला थेंब कणावरच धरतो. कण वाढले की थेंब जास्त पण बारीक होतात, ढग अधिक पांढरा दिसतो, ऊन परतवतो. माणसाने सोडलेल्या कणांच्या एकूण परिणामाची गोळाबेरीज आयपीसीसी या हवामानबदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालात चौरस मीटरला उणे १.१ वॅट, म्हणजे थंडाव्याकडे झुकणारी, आहे. पण ती उणे ०.४ ते उणे १.७ यांत कुठेही असू शकते. यावर उपग्रह आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ते आकाशात गेले तेव्हा धुराडी कधीचीच पेटलेली होती. केन कार्स्लॉ यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की कणांमुळे ढगांत होणाऱ्या बदलाच्या अनिश्चिततेतला ४५ टक्के वाटा ज्वालामुखी, समुद्र, वणवे अशा नैसर्गिक कणांचा आहे. मूळ हवाच नीट माहीत नाही, मग भर किती पडली हे कसं ठरवणार?

गाळात पाऊस कळतो, कण कळत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरी मान्सून स्वतःहून किती हेलकावतो ते तिथे दिसतं. मध्य आणि उत्तर भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाऊस घटला, त्याचं मुख्य कारण माणसाने सोडलेले कण, असं २०११ च्या एका अभ्यासाने सांगितलं. मला ते पटतं. पण कोळशाची एकही गिरणी नसताना लोणारला शतकानुशतकं गेलुसाइट धरत होता, आणि पन्नास वर्षांची घट त्या मापावर घालायची तर गाळाचे काप आणखी पातळ पाडावे लागतील.