शब्दसाम्याचा प्रश्न : 'सारंगखेडा' या नामाच्या निमित्ताने

तापीकाठी वसलेल्या सारंगखेडा येथील दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजाराकरिता प्रसिद्ध असून तेथे परप्रांतीय व्यापारीही येतात. या गावाचे नाव मराठी लेखक 'सारंगखेडा' असे लिहितो. संस्कृत वळणाने लिहिणारा 'सारङ्गखेडा' असे लिहील. हिंदी भाषक 'ड'खाली बिंदू देऊन 'सारंगखेड़ा' लिहितो. वाचकास तिन्ही ठिकाणी एकच गाव दिसते; संगणकास मात्र तीन दिसतात. याचे कारण संगणकीय लेखनाच्या इतिहासात शोधले पाहिजे.

१९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 'सी' ही आज्ञावलीची भाषा घडविली, तेव्हा इंग्रजीकरिता आस्की ही संकेतावली रूढ होती. तीत 'ए' या कॅपिटल अक्षराचा क्रमांक ६५, तर स्मॉल अक्षराचा ९७ आहे. सव्वीसही अक्षरांत हे अंतर ३२ इतकेच राहते. त्यामुळे लहानमोठ्या अक्षरांचा भेद न मानता दोन शब्द ताडून पाहणे हे केवळ बेरजेचे काम ठरले. ही सोय इंग्रजीपुरती होती. जर्मनमधील एका विशिष्ट 'स'काराचे कॅपिटल रूप रूढीने दोन अक्षरांनी लिहिले जाते. तुर्कीत बिंदुयुक्त व बिंदुरहित 'आय' ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. एका अक्षरामागे एक अक्षर बदलणारी रीत येथे अपुरी पडते. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने 'सी'मध्ये भाषाप्रदेशानुसार वर्तन बदलण्याची तरतूद केली, तिच्यामागे हीच जाणीव होती.

देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे मानण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. युनिकोडमध्ये 'सारंगखेडा' या नामाची नऊ चिन्हे होतात, 'सारङ्गखेडा' याची दहा. हिंदीतील 'ड़' तर एका चिन्हानेही लिहिता येतो आणि 'ड' व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. या शेवटच्या दोन रूपांची समता युनिकोडनेच मान्य केली असून प्रमाणीकरणाने ती एक करता येतात. परंतु अनुस्वार व परसवर्ण यांची समता युनिकोड सांगत नाही. ती मराठीच्या लेखनपरंपरेतून आली आहे, आणि तिचा नियम आज्ञावली लिहिणाऱ्यानेच घातला पाहिजे.

हा नियमही सरसकट लावता येत नाही. 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये. 'वेदान्त' हे तत्त्वज्ञान. असा अर्थभेद दाखविण्यासाठी परसवर्ण योजण्याची मुभा मराठीच्या लेखननियमांनी दिली आहे. मोडी लिपीचा दाखला याहून बोलका आहे. तीत ऱ्हस्वदीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. मोडी दप्तरातील नाम बाळबोधीतील नामाशी जुळवावयाचे तर हा भेद विसरावाच लागतो. पण तोच विसर बाळबोधीत 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांना एक करून टाकतो.

तात्पर्य, दोन शब्द समान आहेत काय, या प्रश्नाला लिपी एकटी उत्तर देऊ शकत नाही. दप्तरात नाव शोधताना उदार तुलना हवी, कारण भेद पाळल्यास नोंद हाती लागत नाही. एखाद्या नोंदीवरून कोणाचा हक्क ठरवावयाचा असेल तेव्हा मात्र काटेकोर तुलना हवी, कारण भेद गाळल्यास एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे जाते. कोणता भेद कोठे गाळावा, हा निर्णय भाषेच्या अभ्यासकाने नियमबद्ध करून दिला नाही, तर तो आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सोयीने होईल; आणि ती सोय आजवर बहुधा इंग्रजीची राहिली आहे.