क्रमांक ६ स्क्वॉड्रन (भारतीय वायुसेना)

क्रमांक ६ स्क्वॉड्रन ही भारतीय वायुसेनेची एक तुकडी असून ती 'ड्रॅगन्स' या नावाने ओळखली जाते. या तुकडीची स्थापना १ डिसेंबर १९४२ रोजी झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शत्रूच्या हालचालींची हवाई टेहळणी करणे हे तिचे मुख्य काम होते. फाळणीच्या वेळी हा क्रमांक पाकिस्तानच्या वाट्याला गेला. १९५१ मध्ये पुणे येथे लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांसह तुकडी पुन्हा उभारण्यात आली आणि पुढील पाव शतक भारताच्या समुद्रावरील दूर पल्ल्याच्या टेहळणीचा भार तिने वाहिला. १९७६ मध्ये हे काम नौदलाकडे सोपवण्यात आले. त्यानंतर समुद्रातील लक्ष्यांवर हवेतून हल्ला करणे ही तुकडीची प्रमुख भूमिका राहिली. सध्या तुकडीचा तळ गुजरातमधील जामनगर येथे आहे.

स्थापना

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वेळी १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाकडे एकच स्क्वॉड्रन होती. १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरल्यानंतर आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेश हातचा गेल्यानंतर दलाचा विस्तार वेगाने करावा लागला. या विस्तारात त्रिचनापल्ली (आजचे तिरुचिरापल्ली) येथे क्रमांक ६ स्क्वॉड्रन उभी राहिली. स्क्वॉड्रन लीडर मेहर सिंग हे तिचे पहिले प्रमुख होते. क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेतलेले आणि वायव्य सरहद्दीवरील मोहिमांचा अनुभव असलेले मेहर सिंग सहकाऱ्यांमध्ये 'बाबा' या नावाने परिचित होते.

तुकडीला हॉकर हरिकेन ही एक इंजिनाची लढाऊ विमाने मिळाली. बंदुकांबरोबर कॅमेरेही बसवलेली ही विमाने लढाऊ टेहळणीसाठी वापरली जात. लढाऊ टेहळणीत वैमानिक शत्रूच्या प्रदेशावरून कमी उंचीवर उडत जाऊन रस्ते, पूल, होड्या, छावण्या व तोफांच्या जागा पाहतो, त्यांची छायाचित्रे घेतो आणि ती माहिती भूदलापर्यंत पोचवतो.

आराकान मोहीम

१९४३ च्या अखेरीस तुकडी बंगालच्या किनाऱ्यावरील कॉक्स बझार (आता बांगलादेशात) येथे आघाडीवर दाखल झाली. समोर आराकानचा प्रदेश होता. मायू डोंगररांग, दाट जंगल, खाड्या आणि भातशेतीच्या अरुंद पट्ट्या यांमुळे जमिनीवरून शत्रूचा माग काढणे अत्यंत अवघड होते. जपानी सैन्य दिवसा झाडीच्या आडोशाला राही व रात्री हालचाल करी. एखादा नवा पूल, चिखलातील ताजी चाकोरी किंवा खाडीकाठी लपवलेली होडी एवढ्याच खुणांवरून त्याचा ठावठिकाणा ओळखावा लागे.

अशा उड्डाणांना विमाने सामान्यतः जोडीने जात. एक वैमानिक जमिनीकडे लक्ष देई आणि दुसरा आकाशाकडे पाहून त्याचे रक्षण करी. झाडांच्या शेंड्यांलगत उडताना शत्रूचे लढाऊ विमान वरून आले, तर सावरण्यासाठी उंचीही नसे आणि वेळही नसे. वेगाने व चपळाईने वळणाऱ्या जपानी लढाऊ विमानांपुढे हरिकेन उणी पडत असे. त्यामुळे हे काम केवळ छायाचित्रणाचे न राहता जोखमीचे बनले होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये जपानी सैन्याने आराकानमध्ये प्रतिहल्ला चढवून सातव्या भारतीय डिव्हिजनला वेढले. सिंझवेया येथील पुरवठा तळाभोवती सुमारे तीन आठवडे चाललेला हा लढा 'अ‍ॅडमिन बॉक्सची लढाई' म्हणून प्रसिद्ध आहे. वेढ्यातील सैन्याला रसद विमानांतून टाकण्यात आली. शत्रूच्या वाटा शोधण्याच्या कामात टेहळणी विमानांचे महत्त्व या काळात विशेष जाणवले. जनरल विल्यम स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याला पुरवलेल्या माहितीमुळे या तुकडीला 'चौदाव्या सैन्याचे डोळे' असे म्हटले गेले.

या मोहिमेतील नेतृत्वासाठी मेहर सिंग यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान देण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते भारतीय हवाई दलाचे एकमेव अधिकारी होत. १९४८ च्या काश्मीर युद्धात पूंछ व लेह येथील कच्च्या धावपट्ट्यांवर विमान उतरवून त्यांनी हवाई रसदीचा मार्ग खुला केला आणि त्याबद्दल त्यांना महावीर चक्र प्रदान झाले. मार्च १९४९ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

फाळणी

१९४४ च्या मध्यात तुकडीला आघाडीवरून मागे घेण्यात आले आणि ती वायव्य सरहद्दीवर गेली. महायुद्धानंतर तिला काही काळ स्पिटफायर विमाने मिळाली. पुढे तिचे रूपांतर डकोटा विमाने चालवणाऱ्या वाहतूक तुकडीत करण्यात आले आणि तिचा तळ कराचीजवळील मौरीपूर येथे होता.

ऑगस्ट १९४७ मध्ये हवाई दलाचीही वाटणी झाली. क्रमांक ५, ६ आणि ९ या स्क्वॉड्रन पाकिस्तानकडे गेल्या. पाकिस्तानच्या हवाई दलात क्रमांक ६ ही वाहतूक तुकडी पुढेही कायम राहिली. भारताने काही वर्षांनी तोच क्रमांक पुन्हा वापरात आणल्यामुळे दोन्ही देशांच्या हवाई दलांत क्रमांक ६ स्क्वॉड्रन आहे.

लिबरेटर आणि पुनःस्थापना

महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश हवाई दलाची अमेरिकी बनावटीची अनेक बी-२४ लिबरेटर विमाने कानपूर येथे ठेवण्यात आली होती. ती उधार-पट्टा कराराखाली मिळालेली असल्याने युद्धानंतर वापरता येणार नव्हती. म्हणून ती पुन्हा उडू नयेत अशा रीतीने मोडतोड करून सोडून देण्यात आली. स्वतंत्र भारताकडे त्या वेळी अवजड बॉम्बफेकी विमाने नव्हती. या भंगारातूनच विमाने उभी करण्याचे काम बंगळूर येथील हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीकडे देण्यात आले.

कानपूर येथे विमाने एकदाच उडू शकतील इतपत दुरुस्त केली जात आणि पुढील संपूर्ण दुरुस्तीसाठी बंगळूरला नेली जात. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी ४२ विमाने कानपूरहून बंगळूरला नेली. दुरुस्त विमानांवर नोव्हेंबर १९४८ मध्ये क्रमांक ५ स्क्वॉड्रन कानपूर येथे पुन्हा उभी राहिली. जानेवारी १९५१ मध्ये पुण्यात क्रमांक ६ स्क्वॉड्रनची पुनःस्थापना झाली. फाळणीत गेलेले दोन क्रमांक अशा प्रकारे भारताच्या पहिल्या अवजड बॉम्बफेकी तुकड्यांना मिळाले.

सागरी टेहळणी

लिबरेटरचा पल्ला ३,००० किलोमीटरहून अधिक होता. महायुद्धात याच विमानाने अटलांटिक महासागराच्या मधल्या भागात जर्मन पाणबुड्यांचा माग काढला होता. त्यामुळे पुण्याच्या तुकडीकडे बॉम्बफेकीबरोबर समुद्रावरील टेहळणीचे कामही आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनबेरा ही जेट बॉम्बफेकी विमाने दाखल झाली आणि क्रमांक ५ स्क्वॉड्रनने लिबरेटर सोडले. क्रमांक ६ स्क्वॉड्रनने मात्र ते ठेवले, कारण जेट विमानापेक्षा सागरी गस्तीला तासन्‌तास हवेत राहण्याची क्षमता अधिक आवश्यक होती.

सागरी गस्तीत विमान ठरवलेल्या पट्ट्यांवरून समांतर फेऱ्या मारते. रडारवर दिसलेल्या प्रत्येक ठिपक्याजवळ जाऊन ते जहाज कोणते व कोणत्या दिशेने चालले आहे याची नोंद करावी लागते. बहुतेक फेऱ्यांत संशयास्पद काहीही आढळत नाही. परंतु एखादा पट्टा पाहायचा राहिला, तर तेवढाच मार्ग शत्रूला मोकळा मिळतो.

एअर इंडियाने जेट विमाने घेतल्यानंतर तिची लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन विमाने १९६० च्या दशकाच्या आरंभी वायुसेनेला मिळाली. प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली ही तीन शेपटांची विमाने पुढे या तुकडीत सागरी टेहळणीसाठी वापरली गेली. १९६८ च्या अखेरीस लिबरेटर निवृत्त झाले. त्या वेळी लिबरेटर वापरणारे भारत हे जगातील अखेरचे हवाई दल होते.

१९७१ आणि नौदलाकडे हस्तांतरण

समुद्रावर उडणारी विमाने वायुसेनेकडे असावीत की नौदलाकडे, हा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत होता. दूर पल्ल्याच्या सर्व विमानांचे संचालन एकाच दलाकडे राहिल्यास साधनसामग्री वाया जात नाही, ही वायुसेनेची बाजू होती. जहाजांचे ताफे चालवणाऱ्या दलालाच टेहळणीची गरज कोठे व केव्हा आहे हे कळते, असे नौदलाचे म्हणणे होते.

१९७१ च्या युद्धात तुकडीच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांनी सागरी गस्त घातली. ही विमाने पाणबुडीविरोधी युद्धासाठी बनवलेली नव्हती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' ही युद्धनौका बुडवली. या नौकेवरील १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. पाणबुड्या शोधू शकणाऱ्या दूर पल्ल्याच्या विमानांची उणीव या घटनेने ठळकपणे पुढे आली.

अखेर १९७६ मध्ये सागरी टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. नोव्हेंबर १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन विमाने गोव्यातील दाबोळी येथे नौदलाच्या ३१२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाली. त्याच वर्षी सागरी क्षेत्रविषयक कायद्याने भारताने २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची तरतूद केली, त्यामुळे लक्ष ठेवण्याचे क्षेत्रही कितीतरी पटींनी वाढले. १९७७ मध्ये पाणबुडीविरोधी युद्धासाठीच बांधलेली सोव्हिएत बनावटीची आयएल-३८ विमाने नौदलात आली.

सागरी प्रहार

टेहळणीचे काम गेले, तरी तुकडीचा समुद्राशी असलेला संबंध सुटला नाही. कॅनबेरा विमानांनंतर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिला जॅग्वारची सागरी आवृत्ती मिळाली. वायुसेनेत जॅग्वारला 'शमशेर' असे नाव आहे. सागरी आवृत्तीच्या नाकात फ्रेंच बनावटीचे अगाव्ह रडार होते आणि तिच्यावर ब्रिटिश बनावटीचे सी ईगल हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र बसवता येत असे. हे क्षेपणास्त्र लाटांच्या लगत उडत जाते, त्यामुळे जहाजावरील रडारला ते उशिरा दिसते. पुढे या विमानांसाठी इस्रायली बनावटीचे रडार आणि अमेरिकी हार्पून क्षेपणास्त्रे घेण्यात आली.

वापरलेली विमाने

हॉकर हरिकेन – लढाऊ टेहळणी
सुपरमरीन स्पिटफायर – लढाऊ
डग्लस डकोटा – वाहतूक
कन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर – बॉम्बफेक व सागरी टेहळणी
लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन – सागरी टेहळणी
इंग्लिश इलेक्ट्रिक कॅनबेरा – बॉम्बफेक व सागरी प्रहार
सेपकॅट जॅग्वार – सागरी प्रहार

जतन केलेली विमाने

भारतीय लिबरेटर दीर्घकाळ सेवेत राहिल्यामुळे जगातील अनेक संग्रहालयांना या जातीचे विमान भारताकडूनच मिळाले. ब्रिटनमधील रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला १९७४ मध्ये भारताने भेट दिलेले लिबरेटर याच तुकडीत वापरात होते. भारतातून गेलेली अन्य लिबरेटर विमाने कॅनडा व अमेरिकेतील संग्रहालयांत आहेत. एक लिबरेटर दिल्लीतील पालम येथील वायुसेना संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.