हाली, कलदार आणि बिटकॉइन

बार्शीहून लातूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी सन १९११ मध्यें धावूं लागली आणि लातूरच्या धान्याला, गळिताला व कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. परंतु त्या गाडीनें येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यास थैलींत दोन तऱ्हेचा पैसा बाळगावा लागे. बार्शी इंग्रजी अंमलाखालीं. तेथें कलदार चाले. लातूर निजामाच्या राज्यांत, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, तेथें हाली. यंत्रानें, म्हणजे कळेनें पाडलेला तो कलदार, आणि चालू काळाचा तो हाली, अशी या नांवांची उकल आहे. सात हाली म्हणजे सहा कलदार हा पुढें कायम झालेला सरकारी भाव. शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. आणि मराठवाड्यांतील जुन्या बाजारपेठांत हें त्रैराशिक शाळेंत न गेलेल्या माणसासहि तोंडपाठ असे.

हा सात-सहाचा आंकडा कोणाच्या लहरीनें आलेला नव्हता. कलदार रुपया एक तोळा वजनाचा. त्यांत बारांत अकरा भाग चांदी. हाली वजनानें किंचित् हलका, आणि त्यांत चांदी शेकडा सुमारें ८२. आजच्या मापानें पाहिल्यास सहा कलदारांतील शुद्ध चांदी सुमारें ६४ ग्रॅम भरते. सात हालींतीलहि जवळजवळ तितकीच. भावाचा आधार असा नाण्याच्या पोटांतच होता.

या हालीचा जन्म मात्र फार गोंधळाचा. हैदराबादचीं नाणीं १८५७ च्या उठावापर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नांवानें पडत. राज्य निजामाचें, पण नाण्यावर मान मोंगलांचा. पुढें त्यावर पहिल्या आसफजाहाचें नांव आलें आणि सोबत ९२ हा आंकडाहि आला. अबजद पद्धतीनें मुहंमद या नांवाच्या अक्षरांची बेरीज तितकी होते. टांकसाळी तर ठिकठिकाणीं होत्या. औरंगाबादेस पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या नांवानें पेस्तनशाही रुपया निघाला होता. पहिला सालारजंग दिवाण झाल्यावर त्यानें हा पसारा आवरून नाणें एका हातीं आणलें. चारमिनारचें चित्र असलेला यंत्राचा रुपया विसाव्या शतकाच्या आरंभीं आला.

येथें एका शब्दाकडे लक्ष द्यावयास हवें. मराठींतील ‘सराफ’ हा शब्द अरबी आहे. इस्लामी धर्मशास्त्रांत नाण्याच्या बदल्यांत नाणें देण्याच्या व्यवहारास ‘सर्फ’ म्हणतात; तो करणारा तो सर्राफ. या व्यवहाराचे नियम कडक आहेत. सोन्यास सोनें किंवा चांदीस चांदी द्यावयाची तर वजनास वजन सारखें पाहिजे, आणि देणेंघेणें हातोहात, त्याच बैठकींत झालें पाहिजे. जास्त घेतलें किंवा उधार ठेवलें तर तें ‘रिबा’, म्हणजे निषिद्ध वाढ. आतां सात हालींस सहा कलदार घेणारा नांदेडचा धर्मभीरु मुसलमान दोषी ठरतो काय? रुपये मोजले तर एकाची तफावत. चांदी मोजली तर जवळजवळ कांहींच नाहीं. वर उल्लेखिलेला ६४ ग्रॅमांचा मेळ केवळ टांकसाळीच्या कारकुनास उपयोगी होता असें नव्हे, हें यावरून दिसेल.

खरी अडचण कागदानें आणली. पहिल्या महायुद्धांत चांदी दुर्मिळ झाली आणि १९१८ मध्यें हैदराबाद सरकारनें कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. हिंदुस्थानांतील संस्थानांत हा मान त्या एकाच संस्थानाला मिळाला. लंडनच्या वॉटरलो कंपनीनें छापलेल्या त्या नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरेंहि होतीं. राज्य किती भाषांचें होतें याची एवढी प्रांजळ कबुली सरकारी कागदांत अन्यत्र क्वचितच सांपडेल. पण नोट म्हणजे काय? चांदी नव्हे हें उघड. उत्तरेंतील उलेमांत यावर आधींपासून मतभेद होता. देवबंदच्या परंपरेंतील रशीद अहमद गंगोही यांच्या मतें नोट ही कर्जाची सनद. नोट दिल्यानें पैसा दिला असें होत नाहीं. पैसा मागण्याचा हक्क दिला असें होतें. उलट बरेलीचे अहमद रझा खान यांनीं मक्केंतील विद्वानांच्या प्रश्नास उत्तर म्हणून १९०६ मध्यें अरबींत एक ग्रंथच लिहिला आणि नोट ही स्वतःच मोल असलेली वस्तु आहे, असें प्रतिपादन केलें. पहिलें मत धरलें तर नोटेनें दिलेली जकात, म्हणजे धर्मादाय, घेणाऱ्यानें ती मोडल्याखेरीज फिटत नाहीं. दुसरें धरलें तर तत्काळ फिटते. वाद शाब्दिक वाटतो खरा, पण तो गरिबाच्या हातीं नक्की काय पडलें याचा होता. १९८६ मध्यें अम्मान येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनें कागदी चलनास पूर्ण पैशाचें स्थान देऊन रिबा व जकात यांचे नियम त्यासहि लागू केले.

निजामाचें सरकार मुसलमानी, तेव्हां त्याचा पैसा धर्मशास्त्रानें चालत असेल, अशी समजूत असते. ती बरोबर नाहीं. सरकारी रोख्यांवर व्याज होतें; १९४२ मध्यें उघडलेली हैदराबाद स्टेट बँकहि इतर बँकांसारखीच चाले. व्याज टाळूं इच्छिणाऱ्यांनीं राजधानींत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या मंडळ्या काढल्या, आणि उस्मानिया विद्यापीठांतील मुहंमद हमीदुल्ला यांनीं त्यांजवर लिहिलें. त्याच विद्यापीठाच्या अन्वर इक्बाल कुरेशी यांनीं व्याजाच्या प्रश्नावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. जगांतील आजच्या इस्लामी बँकांच्या विचाराचा एक झरा असा मुसी नदीच्या कांठीं आहे.

चलन हें सत्तेचें शस्त्रहि होतें, हें १९४७ च्या अखेरीस कळून आलें. जैसे थे करार २९ नोव्हेंबरला झाला आणि लौकरच निजाम सरकारनें वटहुकूम काढून हिंदी रुपया आपल्या राज्यांत कायदेशीर चलन नाहीं असें ठरविलें. शिवाय पाकिस्तानास वीस कोटींचे रोखे कर्जाऊ दिले. दिल्लीनें दोन्ही गोष्टींस कराराचा भंग म्हटलें. सरहद्दीवरच्या माणसाचे हाल वेगळेच. ज्याचा माल बार्शीला विकला जाई आणि सारा हालींत भरावा लागे, त्यानें काय करावें? ३० जानेवारी १९४८ रोजीं स्वातंत्र्यसैनिकांनीं नांदेड जिल्ह्यांतील उमरीची बँक लुटून ती रक्कम लढ्याच्या कामीं लावली. सप्टेंबरांत पोलीस कारवाई झाली आणि आसफजाही सत्ता संपली.

सत्ता संपली, पण हाली एका रात्रींत मेला नाहीं. दोन्ही रुपयांतील चांदी तोंवर कमी करण्यांत आली होती, इंग्रजांनीं तर १९४७ मध्यें निकेलचा रुपया काढला होता. तरीहि भाव तोच, सातास सहा. १९५० पासून हिंदी रुपया चालू झाला आणि हाली त्याच भावानें हळूहळू परत घेण्यांत आला. लातूरच्या विधवेच्या गांठोड्यांतील नोट रद्दी ठरली नाहीं. कारण जुन्या सरकारचें देणें नव्या सरकारनें आपलें मानलें.

आजच्या डिजिटल नाण्यांविषयीं उलेमा आणि सरकारें यांच्यांत चाललेला वाद याच जागीं येऊन अडतो. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्यें सुरू झालें. त्याची संख्या २ कोटी १० लाखांवर जावयाची नाहीं. पण त्यामागें टांकसाळ नाहीं, खजिना नाहीं, देणेंकरी नाहीं. गंगोहींच्या कसोटीनें ही सनद कोणावर काढलेली? इजिप्तचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनीं २०१८ च्या सुमारास तें निषिद्ध ठरविलें. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनें २०२१ मध्यें चलन म्हणून त्यास मनाई केली. मलेशियांतील शरीयत सल्लागारांनीं मात्र २०२० मध्यें नोंदणीकृत बाजारांत अशा वस्तूंचा व्यवहार चालेल असें म्हटलें. त्यांत बरेलीच्या मताचा दूरचा पडसाद ऐकूं येतो. भारतांत रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानें बँकांना या व्यवहारापासून दूर ठेवलें. ४ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें परिपत्रक रद्द केलें. २०२२ मध्यें नफ्यावर शेकडा ३० कर बसला. कर बसला म्हणजे चलनाचा मान मिळाला, असें कित्येकांस वाटतें, तसें नाहीं.

रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठीं प्रयोगादाखल निघाला. तो कागदाविना असला तरी बँकेचें देणें आहे, म्हणून हालीच्या नोटेचा तो दूरचा वंशज म्हणतां येईल. बिटकॉइनची गुप्त किल्ली हरवली तर मात्र दाद मागावयास कोणतेंच दार नाहीं. आणि हाली रुपया, ज्याच्या घरीं तो अजून पडून असेल, त्याला निदान चांदीच्या भावानें मोडतां येतो.