वृक्षरक्षणाचा कायदा आणि झाडाचें वय : आरे वसाहतीचें उदाहरण

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाविषयीं जी आज्ञा आहे, ती वाचकांस परिचित आहे. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथांत सागवानादि लांकूड परवानगीनें तोडण्यास मोकळीक असून, आंबा व फणस यांस मात्र हात लावूं दिलेला नाहीं. कारणें दोन : हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत तयार होत नाहींत, आणि रयतेनें तीं पोटच्या मुलांप्रमाणें पोसलेलीं असतात. अगदींच जीर्ण झालेलें झाड हवें असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें. ही आज्ञा हल्लीं सर्रास शिवछत्रपतींच्या शब्दांत म्हणून उद्धृत होते. ग्रंथ अमात्यांचा व महाराजांच्या पश्चात् सुमारें पस्तीस वर्षांनीं लिहिलेला आहे, एवढें येथें नमूद करून पुढें जाऊं.

मुंबईच्या उपनगरांतील झाडांस आज जें संरक्षण आहे, त्याचें मूळ १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमांत आहे. आज्ञापत्र धन्याचें झाड सरकारापासून राखतें. हा कायदा खुद्द धन्यासही बांधतो. स्वतःच्या अंगणांतील झाड तोडावयाचें तरी परवानगी लागते. परंतु धनी सरकारच असेल तर काय, हा प्रश्न गोरेगांवच्या आरे वसाहतींत उभा राहिला. शहरांतील म्हशींचे गोठे बाहेर नेण्यासाठीं १९४९ मध्यें वसविलेली ही वसाहत सरकारी मालकीची. तींत वारली आदिवासींचे पाडेही आहेत. मेट्रोच्या कारशेडसाठीं तेथील २,१८५ झाडें तोडण्यास २०१९ मध्यें महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानें संमति दिली. ४ ऑक्टोबरास उच्च न्यायालयानें विरोधी याचिका फेटाळल्या व त्याच रात्रीं तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरास सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंपर्यंत २,१४१ झाडें पडलीं होतीं. म्हणजे मनाई लागू झाली ती अवघ्या ४४ झाडांस. न्यायालयाचा हुकूम तोड थांबवूं शकतो, तोडलेलें परत उभें करूं शकत नाहीं. अमात्यांनीं दिलेलें पहिलें कारण हेंच होय, आणि आमच्या मतें सर्व प्रकरणाची मेख येथेंच आहे.

१९७५ च्या कायद्यास झाडांची संख्या कळत होती, वयाचें मोल कळत नव्हतें. तें २०२१ च्या दुरुस्तीनें आलें. पन्नास व त्याहून अधिक वर्षांचें झाड वारसा वृक्ष ठरलें, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं रोपें लावण्याचें बंधन आलें. पन्नास रोपें म्हणजे पन्नास वर्षांचें एक झाड, हा हिशेब अमात्यांस पटला असता असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि वयाची दखल घेतली गेली हें थोडें नव्हे.

कारशेडची जागा २०२० मध्यें कांजुरमार्गास हलविली गेली, ती २०२२ मध्यें पुनः आरेंत आली. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मेट्रो महामंडळास ८४ झाडांपुरता अर्ज करण्याची मोकळीक दिली असतां, पुढें परवानगी १७७ झाडांची घेण्यांत आली. या अतिक्रमाबद्दल १७ एप्रिल २०२३ रोजीं न्यायालयानें महामंडळास दहा लाख रुपयांचा दंड केला. काम अडूं नये म्हणून तीं १७७ झाडें काढण्यास मात्र त्याच आदेशानें संमति मिळाली.