टर्बो गाडीचा श्वास थंड ठेवणारा इंटरकूलर

टर्बो इंजिनाच्या गाडीच्या दर्शनी जाळीत डोकावून पाहिले, तर रेडिएटरच्या पुढे किंवा बंपरच्या खालच्या अंगाला ॲल्युमिनियमची पातळ पाती असलेली एक पेटी दिसते. अनेकांना ती दुसरा रेडिएटरच वाटते. प्रत्यक्षात तिच्यातून पाणी वाहत नाही, तर इंजिनात जाणारी हवा वाहते. हाच इंटरकूलर. उन्हाळ्यात भरलेली गाडी घाटात ‘ओढत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा संशय सहसा डिझेलवर किंवा क्लचवर घेतला जातो. या पेटीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने आत येणारी हवा दाबायची, ही कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युशी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे. हवा दाबली की त्याच सिलिंडरमध्ये अधिक प्राणवायू मावतो, अधिक इंधन जाळता येते आणि छोटे इंजिन मोठ्याचे काम करते. पण सायकलचा पंप जोरात मारल्यावर त्याचे टोक तापते, तसेच येथेही घडते. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते आणि टर्बोने जे कमावले त्यातला काही भाग तेथेच गमावला जातो.

आकडेमोड केली तर हे अधिक स्पष्ट होते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करीत आहे असे धरू. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर त्यातून बाहेर पडणारी हवा साधारण १३० अंशांवर पोहोचते. पेट्रोल इंजिनात एवढी तप्त हवा गेली, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो. यालाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. ते सतत होत राहिले तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. आजच्या गाड्यांचा संगणक हे ओळखून ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचते, पण जोर कमी होतो. डिझेल इंजिनात नॉकिंगची ही भीती नाही. तेथे गरम हवेचा फटका बसतो तो घटलेल्या ताकदीच्या आणि वाढलेल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या रूपाने.

इंटरकूलरची परिणामकारकता मोजण्याची रीत सोपी आहे. हवेचे तापमान किती अंशांनी उतरले, याला ते जास्तीत जास्त किती उतरू शकले असते, या आकड्याने भागायचे. वरच्या उदाहरणात हवा १३० वरून ६४ अंशांवर आली, तर ९५ पैकी ६६ अंश उतरले, म्हणजे परिणामकारकता सुमारे ७० टक्के. एवढ्याने हवेची घनता जवळपास २० टक्क्यांनी वाढते. बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा मात्र साधा इंटरकूलर कधीच देऊ शकत नाही. जाहिराती काहीही म्हणोत!

हा फायदा फुकट मिळत नाही. अरुंद नळ्यांतून जाताना हवेचा दाब घटतो. वरच्या उदाहरणात ही घट ०.१ बार धरली, तर २० टक्क्यांची कमाई १४ टक्क्यांच्या आसपास येते. आतली पाती दाट केली तर उष्णता चांगली निघते, पण हवा अडते. विरळ केली तर उलट. उत्तम इंटरकूलर म्हणजे या दोहोंतली तडजोड होय. त्यामुळे बाजारातला सर्वांत जाड इंटरकूलर आणून बसविला की गाडी पळू लागेल, हा समज खरा नाही. जाडी वाढवली तरी बाहेरची हवा पहिल्या थरांतच तापते आणि मागच्या थरांना उरते ती गरम हवा. शिवाय तीच हवा पुढे एसीच्या कंडेन्सरला आणि रेडिएटरला मिळते. हौसेने मोठा इंटरकूलर लावल्यावर इंजिनाचा काटा वर सरकू लागण्याचे कारण हेच असते.

जागा कोणती?

हवेला वाट करून देण्यासाठी गाडीचे रूपच बदलावे लागल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पोर्शे ९११ टर्बो. १९७५ मध्ये ही गाडी आली तेव्हा ३ लिटरच्या इंजिनाला इंटरकूलर नव्हता. १९७८ साली इंजिन ३.३ लिटरचे झाले, इंटरकूलर आला आणि ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. (सारे श्रेय अर्थातच इंटरकूलरचे नाही, इंजिनही मोठे झाले होते.) इंजिन गाडीच्या मागच्या बाजूस, त्यामुळे समोरचा वारा तेथे पोहोचणे कठीण. म्हणून इंटरकूलर मागच्या पंखाखाली बसविण्यात आला आणि त्याला सामावून घेण्यासाठी पंखाचा आकार बदलून चहाच्या ट्रेसारखा उभ्या कडांचा करावा लागला.

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सने इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर ठेवला आणि बॉनेटला हवेसाठी तोंड दिले. भारतात २००९ मध्ये आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचे तोंडही याच कामाचे होते. या मांडणीत नळ्या आखूड राहतात आणि टर्बोचा प्रतिसाद लवकर मिळतो. पण गाडी थांबली की खालच्या इंजिनाची उष्णता वर चढते आणि थंड करणारी पेटीच तापून बसते. बाजारात नुसती चिकटवलेली, आतून बंद अशी शोभेची तोंडेही भरपूर मिळतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

फोक्सवॅगनने तिसरा मार्ग धरला. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या टायगुन आणि व्हर्टस या गाड्यांच्या टीएसआय इंजिनात हवा पाण्याने थंड केली जाते आणि काही इंजिनांत हा कूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसविलेला असतो. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता त्याच वजनाच्या हवेच्या सुमारे चौपट असल्याने पेटी छोटी राहते. पाण्यासाठी वेगळा पंप आणि समोर छोटा रेडिएटर मात्र लागतोच.

घाट आणि चिखल

हवा नेहमी सोपी वाट शोधते. इंटरकूलरच्या कडेने फट असेल तर ती पात्यांमधून न जाता फटीतून निसटते. म्हणून कडांची रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी तुटली तर ती बदललीच पाहिजे. हवा आत येण्याइतकेच तिचे मागून बाहेर पडणेही महत्त्वाचे. खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर अडचण होते ती याचमुळे. तेथे टर्बोवर पूर्ण भार असतो, पण वेग कमी असल्याने वारा तुटपुंजा मिळतो. इंजिनात जाणारी हवा दर ३ अंशांनी तापली की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते; २० अंशांचा फरक पडला तर चालकाला तो पायाखाली जाणवतो.

त्यात जाळीसमोर जादा दिवे, जाहिरातीची पाटी किंवा लोखंडी गार्ड लावलेले असते. असे क्रॅश गार्ड काढायला लावावेत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते; पादचाऱ्यांची सुरक्षा हे त्यामागचे मुख्य कारण. पावसाळ्यात चिखल आणि किडे पात्यांत अडकून वाळतात. ते काढताना वॉशिंग सेंटरवर जोरदार पाण्याचा झोत अगदी जवळून मारला, तर मऊ पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते. कमी दाबाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

इंटरकूलरला जोडलेले रबरी पाइप हा आणखी एक कच्चा दुवा. डिझेल गाडी एकाएकी मंदावली, काळा धूर सोडू लागली आणि ॲक्सिलरेटर दाबताच फुसफुस ऐकू आली, तर टर्बो बदलण्याचा खर्च मान्य करण्याआधी हे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासून घ्यावेत. फाटका पाइप काही तासांत बदलतो. आणि टर्बो खरोखरच तुटला असेल, तर नवा बसविण्यापूर्वी इंटरकूलर खोलून साफ करून घ्यावा किंवा बदलावा. जुन्या टर्बोचे तेल आणि धातूचे कण त्यात साचून राहतात आणि पुढच्याच फेरीत इंजिनात जाऊ शकतात.